गंडकीच्या वाटेवरचे सोयरे

लष्करातील जुना वाडा सोडून आम्ही सिटी सेंटरच्या सदनिकेत राहावयास आलो, त्याला आता बरीच वर्षे झाली. बांधाबांध चालली असता देवघर सर्वांत शेवटी उचलले. पंचायतनाच्या तबकातील पाच पाषाण थोरल्या वहिनींनी धूतवस्त्रात गुंडाळले आणि रिक्षात बसल्यावरही ते कोणाच्या हाती दिले नाहीत. नर्मदेचा बाण, शोणेचा तांबूस गणेश, सूर्याचा स्फटिक, देवीचा सोनमुखी खडा आणि गंडकीचा काळाभोर शाळिग्राम. आमचे पूर्वज शिंद्यांच्या फौजेमागोमाग नर्मदा उतरून इकडे आले, तेव्हा बाण कोठून आला हे कोणी सांगावयास नको. शोण नदीही आपल्याच बाजूच्या डोंगरांत उगम पावते. परंतु शाळिग्राम कोणी आणला? तो नेपाळच्या गंडकीवाचून अन्यत्र मिळत नाही असे आजी सांगत. कोणत्या यात्रेकरूने, कोणत्या सालात तो ग्वाल्हेरास पोहोचवला, हे मात्र घरात कोणालाही ठाऊक नाही.

नेपाळ म्हटले की ग्वाल्हेरच्या मराठी माणसाला प्रथम जयविलास आठवतो, हे स्वाभाविक आहे. राजमातांचे आजोळ नेपाळचे, माधवराव महाराजांच्या पत्नी नेपाळच्या, आणि उषाराजे दिल्या त्याही नेपाळात. पण या राजघराण्यांच्या सोयरिकीच्या शंभर वर्षे आधी एक मराठी कुटुंब त्या डोंगरांत गेले होते, आणि तेथून परतलेली एक मुलगी याच लष्करात सासरी नांदली. तिच्याविषयी आपण फारच कमी बोलतो. ती तिकडे का गेली आणि तिच्या बरोबरीची माणसे तेथे का तगली वा का मेली, हे समजण्यासाठी आधी त्या देशाची ठेवण पाहणे भाग आहे.

नेपाळ लांबीला आठशे किलोमीटरहून अधिक. रुंदी मात्र सुमारे दीडशे ते अडीचशे किलोमीटर. एवढ्याशा रुंदीत भूमी समुद्रसपाटीपासून सत्तर मीटरच्या आसपास सुरू होते आणि सगरमाथ्याच्या शिखरावर, २०२० साली जाहीर झालेल्या मोजणीप्रमाणे, ८८४८.८६ मीटरपर्यंत चढते. आपण ग्वाल्हेरहून इंदूरला जावे एवढ्या वाटेपेक्षाही कमी अंतरात उसाच्या शेतांपासून न वितळणाऱ्या बर्फापर्यंत सारे ऋतू भेटतात. दक्षिणेला तराई, मग चुरे नावाच्या ठिसूळ टेकड्या, मग महाभारत हे भारदस्त नाव धारण करणारी रांग, तिच्यापलीकडे मधले डोंगर व दऱ्या, आणि शेवटी हिमाल. या सर्व भिंती नद्यांनी उभ्या चिरल्या आहेत. कर्णाली, गंडकी आणि कोशी या त्यांतील थोरल्या.

गंडकीचीच एक शाखा काळी गंडकी. ती तिबेटच्या सीमेवरील मुस्तांगातून निघते आणि धौलागिरी (८१६७ मीटर) व अन्नपूर्णा (८०९१ मीटर) या दोन पर्वतांच्या मधून वाट काढते. ही नदी पर्वतांहून जुनी आहे असे भूशास्त्रज्ञ मानतात. पर्वत हळूहळू वर उचलले गेले आणि नदी आपली वाट न सोडता खाली कापत राहिली. हिमालयाच्या जागी पूर्वी टेथिस नावाचा समुद्र होता. त्यातील शिंपल्यांचे कवच असलेले गोगलगायीसारख्या वळणाचे प्राणी गाळात रुतले आणि कोट्यवधी वर्षांत त्यांचे पाषाण झाले. आजी ज्याला विष्णूचे चक्र म्हणत, ते त्या प्राण्याच्या कवचाचे वेटोळे. ही माहिती प्रथम वाचली तेव्हा आम्हांस थोडी चुटपुट लागली होती. पण आता वाटते की समुद्राच्या तळाशी निजलेला हा जीव हिमालयाच्या माथ्यावर जाऊन, नदीतून घरंगळत, आपल्या देवघरातील तुळशीपत्राखाली येऊन बसतो, ही कथा कोणत्याही पुराणाहून उणी नाही.

मुस्तांग हे स्वतःही एक चिमुकले राज्य होते. लो-मान्थांग ही त्याची तटबंद राजधानी. अठराव्या शतकाच्या अखेरीस ते गोरखा राज्याच्या अंकित झाले, तरी तेथील राजाची पदवी टिकली. ती पदवी अखेर २००८ साली, खुद्द नेपाळचे राजपद गेल्यावर, संपुष्टात आली. तिबेटचे मीठ खाली आणि सखल भागातले धान्य वर, असा व्यापार या खोऱ्यातून शतकानुशतके चाले आणि थकाली लोक त्यात मुरब्बी गणले जात. मुक्तिनाथाच्या यात्रेकरूंची वाटही हीच. आमचा शाळिग्राम बहुधा याच वाटेने उतरला असावा.

काठमांडूचे खोरे यापासून बरेच पूर्वेला आहे. चौदाशे मीटरच्या आसपास उंचीवरील ही वाटीसारखी सपाट, सुपीक भूमी. काठमांडू, पाटण व भक्तपूर ही नेवार लोकांची तीन नगरे तिच्यात शेजारी शेजारी वसली आणि मल्ल राजांनी एकमेकांच्या ईर्ष्येने ती देवळांनी व कोरीव खिडक्यांनी भरून टाकली. १७६८-६९ मध्ये गोरख्याच्या पृथ्वीनारायण शाहांनी ती जिंकली. २५ एप्रिल २०१५ च्या भूकंपात तेथील कित्येक वास्तू कोसळल्या; काठमांडूला ज्या काष्ठमंडपावरून नाव पडले, तोही त्यांत होता. पुढे तो जुन्या पद्धतीने पुन्हा उभारण्यात आला.

मराठी वाचकाला या खोऱ्यात एक ओळखीचा चेहरा भेटतो, तो मच्छिंद्रनाथांचा. ज्ञानदेवांची गुरुपरंपरा आदिनाथ, मत्स्येंद्र, गोरक्ष, गहिनी, निवृत्ती अशी आपण लहानपणापासून ऐकत आलो. श्रावणात नवनाथांची पोथी लागणारी घरे लष्करात अद्याप आहेत. पाटणमध्ये वैशाखात रातो म्हणजे तांबड्या मच्छिंद्रनाथाचा रथ निघतो. लाकूड, वेत आणि बांबू यांचा साठ फुटांच्या घरातील तो मनोरा दोरांनी ओढीत कित्येक दिवस गावातून फिरवतात. कथा अशी की गोरक्षनाथ नागांवर आसन घालून बसले, त्यामुळे बारा वर्षे पाऊस पडला नाही. मग कामरूपाहून त्यांच्या गुरूंना आणले, शिष्य वंदनासाठी उठला, नाग सुटले आणि मेघ वळले. आपल्या पोथीतले गुरुशिष्य तेथे पर्जन्याचे धनी झाले आहेत. शिवाय नेवार बौद्ध त्याच मूर्तीला करुणामय अवलोकितेश्वर म्हणून पूजतात आणि दोघांत त्यावरून तंटा होत नाही. गोरखा हे नावही गोरक्षनाथांवरूनच आलेले.

भाषेतही असेच क्वचित ओळखीचे काही कानी पडते. नेपाळी माणूस 'मला' म्हणावयाचे तेथे 'मलाई' म्हणतो. लिपी तर देवनागरीच. मात्र आपला 'ळ' त्यांच्यापाशी नाही. शाळिग्रामाचा देश, पण त्यातील 'ळ' आमचा.

आता इतिहासाकडे वळू. १८१० च्या सुमारास दौलतराव शिंद्यांची छावणी किल्ल्याच्या पायथ्याशी स्थिरावली आणि तिचेच लष्कर झाले. त्यानंतर थोड्याच वर्षांत, १८१४ ते १८१६, नेपाळचे इंग्रजांशी युद्ध झाले. सुगौलीच्या तहाने कुमाऊँ, गढवाल व तराईचा मोठा भाग नेपाळने गमावला. भीमसेन थापा हा तेथील कारभारी हिंदुस्थानातील उरल्यासुरल्या सत्तांची मोट बांधू पाहत होता आणि त्याची दृष्टी ग्वाल्हेरकडेही होती. १८१७ मध्ये दौलतरावांकडून नेपाळ दरबाराकडे जाणारी पत्रे इंग्रजांनी वाटेत पकडली, आणि ती भर दरबारात दौलतरावांना परत पोचती केली. यापेक्षा जरब बसवणारे उत्तर दुसरे नसावे. त्याच वर्षी ५ नोव्हेंबरला ग्वाल्हेरचा तह झाला, आणि पुढच्या वर्षी पेशवाई बुडून बाजीराव बिठूरला गेले. डोंगरातले राज्य आणि लष्कर यांच्यातील हा पहिला धागा असा जुळण्यापूर्वीच तुटला.

दुसरा धागा १८५८ चा. १ जूनला तात्या टोपे, रावसाहेब आणि झांशीच्या राणीसाहेब ग्वाल्हेरवर चालून आले, शिंद्यांची फौज त्यांना मिळाली आणि जयाजीराव आग्र्याकडे निघून गेले. फुलबागेत दरबार भरला. त्यात नानासाहेबांच्या पेशवेपदाची द्वाही फिरवली गेली. पण ज्यांच्या नावाने ती फिरली ते नाना तेथे नव्हते, अवधात होते. तीन आठवड्यांच्या आत सारे आटोपले. राणीसाहेब येथेच पडल्या. डिसेंबर १८५८ च्या अखेरीस नाना, त्यांचे बंधू बाळाराव, बेगम हजरत महल आणि उरलेले सैन्य राप्ती ओलांडून नेपाळच्या तराईत शिरले. नानांबरोबर त्यांच्या पत्नी काशीबाई आणि घरातील इतर स्त्रिया होत्या. बाजीरावांच्या विधवाही त्यांत होत्या, आणि बाजीरावांची अल्पवयीन कन्या बयाबाई.

तराई म्हणजे काय, हे येथे कळते. दाट साल वृक्षांचे अरण्य, दलदल आणि 'औल' म्हणजे हिवताप. पिढ्यान्पिढ्या तेथे राहणारे थारू लोक तो ताप काहीसा पचवीत. बाहेरच्यांना तेथील एक पावसाळाही काढणे कठीण जाई. नेपाळच्या राज्यकर्त्यांनी हे अरण्य मुद्दामच राखले, कारण कोणत्याही किल्ल्याच्या तटापेक्षा ते चांगले पहारा देई. १९५० नंतरच्या दशकांत डीडीटीची फवारणी झाली आणि मगच तराईत मोठी वस्ती वाढली. १८५९ मध्ये मात्र मागे इंग्रज आणि पुढे जंगबहादुरांचे गोरखे, अशा कोंडीत ही माणसे त्या जंगलात अडकली. शिंद्यांच्या मुलखात शिप्री येथे १८ एप्रिलला तात्यांना फाशी झाली. त्याच महिन्यात नाना तराईतून इंग्रजांना पत्रे धाडीत होते. बाळाराव तापाने गेले. सप्टेंबरात नानाही देउखुरीच्या बाजूला तापानेच गेले, अशी बातमी आली. इंग्रजांचा तिच्यावर पुरता विश्वास कधीच बसला नाही.

जंगबहादुर राणा हा गृहस्थ समजण्यास कठीण आहे. १८५०-५१ मध्ये तो विलायतेला जाऊन आला, तेथील सामर्थ्य डोळ्यांनी पाहून आला, आणि १८५८ च्या मार्चमध्ये लखनौ घेताना इंग्रजांच्या बाजूने स्वतः फौज घेऊन उभा राहिला. बक्षीस म्हणून १८६० मध्ये पश्चिम तराईचा गेलेला मुलूख त्याला परत मिळाला. पण त्याच जंगबहादुराने बेगमेला काठमांडूत थारा दिला, तो १८७९ मध्ये तिच्या मृत्यूपर्यंत. आणि पेशव्यांच्या स्त्रियांनाही थापाथळीला, आपल्या वाड्याच्या आसऱ्याला ठेवून घेतले. पुरुषांना आश्रय नाकारला, बायकामुलांना दिला. पेशव्यांचा नौलखा हार त्याने विकत घेतला आणि पुढे तो दरभंग्याच्या महाराजांकडे गेला, असे सांगतात. तेव्हा ही दया होती की हिशेब, याचा वाद अभ्यासकांनी घालावा. आमच्या मते दोन्ही होते, आणि दोन्ही असल्यामुळेच त्या स्त्रिया वाचल्या. तराईच्या तापाने पुरुष नेले आणि चौदाशे मीटरवरच्या थंड खोऱ्याने बायका राखल्या. भूगोलाचा असा रोकडा निवाडा इतिहासात क्वचितच पाहावयास मिळतो.

बयाबाईंचा विवाह ग्वाल्हेरच्या सरदार आपटे घराण्यात झाला होता. नेपाळातून ती सासरी परतली आणि पुढचे सारे आयुष्य ग्वाल्हेरात राहिली. विसावे शतक उजाडलेले तिने पाहिले. ज्या मुलीने बिठूरचा वाडा सोडला, तराईचा वनवास आणि थापाथळीचा परका आसरा पाहिला, ती माजी पेशव्यांची लेक आपल्याच गल्ल्यांतून मेण्यातून जात-येत होती. तिला हे नगर कसे वाटले असेल? येथील फुलबागेत तिच्या भावाच्या नावाची द्वाही फिरली होती आणि येथीलच दरबार त्या दिवशी पाठ फिरवून आग्र्याला गेला होता. जयाजीराव आणि जंगबहादुर दोघेही इंग्रजांच्या बाजूने राहिले, दोघांनाही त्याचे फळ मिळाले, आणि उद्ध्वस्त झालेल्या पेशवे घराण्यातील स्त्रिया या दोघांच्याच सावलीत उरल्या. आपल्या घराण्यांपैकी बहुतेक शिंद्यांच्या चाकरीतली. नानांचे नाव उघड घेणे त्या काळी सोयीचे नव्हते, आणि सोयीचे नसलेले बोलणे एका पिढीने टाळले की पुढच्या पिढीला ते ठाऊकच राहत नाही.

याचा दाखलाही येथलाच आहे. ऑक्टोबर १८७४ मध्ये लष्करात एक मनुष्य सापडला आणि तोच नानासाहेब, असे समजून जयाजीरावांनी त्याला इंग्रजांच्या स्वाधीन केले. त्याला कानपुरास नेऊन साक्षीपुरावे झाले. तो नाना नव्हे असे ठरले. जयविलास त्याच वर्षी पुरा झाला. त्या दिवसांत आपट्यांच्या वाड्यात बयाबाईंनी ही बातमी ऐकली असेल. भाऊ मेला असे पंधरा वर्षे धरून चाललेल्या बहिणीने ती कशी ऐकली असेल, याची कल्पना करवत नाही.

राजघराण्यांची सोयरीक ही यानंतरची गोष्ट, आणि तिचाही आरंभ हद्दपारीनेच झाला. १८८५ मध्ये जंगबहादुरांच्या पुतण्यांनी, म्हणजे शमशेर बंधूंनी, आपल्याच चुलत्याचा खून करून काठमांडूची सत्ता घेतली. त्या कटातील एक, खड्ग शमशेर, दोनच वर्षांत स्वतः पदच्युत झाला. त्याला पाल्प्याला पाठवण्यात आले. पाल्पा म्हणजे काळी गंडकीचाच काठ. तेथे पत्नी तेजकुमारी १८९२ मध्ये वारली, आणि तिच्या स्मरणार्थ त्याने नदीच्या कडेला खडकावर एक विलायती थाटाचा महाल बांधला. त्याला राणीमहाल म्हणतात. बराच काळ तो पडीक होता, पुढे डागडुजी झाली. खाली शाळिग्रामाची नदी आणि वर एका निर्वासित सत्ताधाऱ्याचा हा शोक. पुढे खड्ग शमशेर हिंदुस्थानात उतरला आणि सागर येथे स्थायिक झाला. सागर हे गोविंदपंत बुंदेल्यांचे, म्हणजे खेरांचे ठाणे. पेशव्यांच्या मामलेदाराने वाढवलेल्या गावात नेपाळचा माजी सेनापती येऊन राहिला, आणि त्याच्या कन्येच्या पोटी १२ ऑक्टोबर १९१९ रोजी तेथे लेखा दिव्येश्वरी जन्मल्या. आई लवकर गेल्याने त्या आजोळीच वाढल्या.

२१ फेब्रुवारी १९४१ रोजी त्या जिवाजीरावांच्या पत्नी झाल्या आणि विजयाराजे झाल्या. वधू मराठा घरातील नाही म्हणून सरदारमंडळी नाराज होती, हे आपल्या वडीलधाऱ्यांकडून अनेकांनी ऐकले असेल. नव्या राणीने मराठी आपलीशी केली, देव्हाऱ्यातले कुळाचार उचलले. आपल्या घरांत मुलांशी हिंदी बोलण्याची सवय तेव्हाच लागू लागली होती. परक्या घरातून आलेली सून भाषा शिकत होती आणि घरची मुले विसरत होती. राजमातांचे आत्मचरित्र 'प्रिन्सेस' १९८५ मध्ये मनोहर माळगांवकरांच्या साहाय्याने इंग्रजीत निघाले. याच माळगांवकरांनी १९७२ मध्ये 'द डेव्हिल्स विंड' ही नानासाहेबांवरची कादंबरी लिहिली होती. नेपाळच्या दोन्ही वाटा एकाच लेखकाच्या टेबलावर आल्या, हा योगायोग आम्हांस फार आवडतो.

पुढचे सर्वांना ठाऊक आहे. उषाराजे पशुपती शमशेर राणांच्या घरी काठमांडूस गेल्या. १९६६ मध्ये राणा घराण्यातील किरण राज्यलक्ष्मी माधवराव महाराजांशी विवाह करून माधवीराजे झाल्या. १५ मे २०२४ रोजी त्या निवर्तल्या आणि अंत्यसंस्कार ग्वाल्हेरात झाले. १ जून २००१ च्या नारायणहिटी हत्याकांडाच्या वेळी वृत्तपत्रांनी ग्वाल्हेरच्या नातीचे नाव जसे ओढले, त्यात आम्ही शिरत नाही. २८ मे २००८ रोजी नेपाळ प्रजासत्ताक झाले आणि नारायणहिटीचे संग्रहालय झाले. रातो मच्छिंद्रनाथाच्या उत्सवाच्या शेवटी राजा हजर असे, आता राष्ट्रपती असतात. रथ तोच आहे.

बयाबाईंचे मात्र असे झाले नाही. सूनबाईंची छायाचित्रे, मिरवणुकी, आत्मचरित्रे आहेत. त्या माहेरवाशिणीविषयी आपल्या गावात एखादी पाटीही आमच्या पाहण्यात नाही. काही सापडणार असेल तर ते आपल्याच माळ्यांवर सापडेल, आणि येथे एक कबुली देणे प्राप्त आहे. वाडा सोडताना पंचायतन मांडीवर घेऊन आलो खरे, पण माळ्यावर रुमालात बांधलेले मोडी कागदांचे दोन गठ्ठे होते. कोणालाच वाचता येत नव्हते, कसर लागली होती, सदनिकेत जागा नव्हती. ते रद्दीवाल्याने तोलून नेले. पणजोबा सरदारांच्या दप्तरात कारकून होते. त्यांत काय होते, ते आता कळण्याचा मार्ग नाही.

ज्या घरांत असे रुमाल अजून असतील, त्यांनी ते उघडून न पाहता कोणास देऊ नयेत. मोडी वाचणारे ग्वाल्हेरात विरळ झाले असले तरी पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात जाणकार भेटतात, आणि हल्ली कागदाचे छायाचित्र घेऊन पाठवणे अवघड राहिलेले नाही. आपटे, बिठूर, थापाथळी, नेपाळ, यांपैकी एखादा शब्द कोठे दिसला तर या त्रैमासिकाकडे अवश्य कळवावे. आमच्या शाळिग्रामाची नोंद सापडली तर तीही.